उत्तर १८, पूर्व ७२

वीकएण्डला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, आठवडाभराची राहिलेली झोप आणि रविवारी संध्याकाळपासून सोमवारच्या मीटिंगची धाकधूक. फारच हटके काही करायचं ठरलं तर लोणावळा, आणि तिथेही निम्मं ऑफिस भेटतंच! या सगळ्याचा ज्यांना जाम कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी एक सॉलिड उद्योग सांगते. फुकट आहे, पायांना व्यायाम आहे आणि त्यात चक्क खजिना आहे. फक्त बूट चांगले घाला आणि फोन फुल चार्ज करून निघा.

या उद्योगाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी जगाच्या पाठीवर कुठेतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा. आतली एखादी बारीकसारीक वस्तू उचललीत तर तशीच दुसरी मागे ठेवायची. बस्स. खेळ कधी सुरू झाला, त्याची तारीखसुद्धा पक्की आहे. जीपीएसच्या सिग्नलमध्ये सामान्य लोकांसाठी अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम थोडी गडबड करून ठेवायचं. मे २०००च्या सुरुवातीला ती बंद केली आणि लोकांच्या हातातली यंत्रं एका रात्रीत कितीतरी पट अचूक झाली. लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात झाडीत एक बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकून दिला. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर आणि एक बेचकी असा ऐवज होता. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त खजिने आहेत.

मला हे वेड लावलं दादाने. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सिएटलला असतो. या खेळाचं हेडऑफिसच त्या गावात, त्यामुळे तिथे म्हणे बागेतल्या बाकाखाली हात घातला तरी एखादी डबी लागते. यंदा जानेवारीत तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, आणि लग्नाच्या मुली बघायच्या सोडून (मावशीचे शब्द!) पहिल्याच रात्री लॅपटॉप उघडून बसला. मुंबईच्या बंदरकाठासाठी त्याने खास एक शोध तयार केला होता. गेटवेपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत.

पण मुंबईत डबा ठेवणार कुठे? रोज लोकलमध्ये 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ऐकत मोठे झालेलो आपण. गेटवेसमोर २५ ऑगस्ट २००३ला टॅक्सीत बॉम्ब फुटला. २६ नोव्हेंबर २००८ला तर माणसं याच समुद्रातून कुलाब्याला उतरली आणि ताजमध्ये घुसली. त्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचा डबा दगडामागे सरकवून चालू पडणं म्हणजे खजिना सापडायच्या आधी बॉम्बशोधक पथक सापडायचं. दादाने म्हणून डब्याची भानगडच ठेवली नाही. बिनडब्याची कॅशही या खेळात चालते. जागेवर जायचं, तिथे दगडावर कोरलेला एखादा आकडा वाचायचा, तो सूत्रात घालायचा की पुढच्या जागेचा पत्ता निघतो.

सूत्र अगदी सोपं आहे. मुंबईचं बंदर उत्तर १८ अंश आणि पूर्व ७२ अंशात बसतं. अंशाचे मिनिट, आणि मिनिटाच्या पुढे दशांशाचे तीन आकडे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे शेवटचा आकडा एकाने चुकला की आपण जेमतेम पावणेदोन-दोन मीटर चुकतो, पण पहिला चुकला की गल्लीच बदलते. हे शेवटी कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आमच्याबरोबर तिसरा गडी होता मामा. आम्हा दोघांचाही मामा, वय सत्तर, मुंबई बंदरात पस्तीस वर्षं टॅली क्लार्क. बोटीतून माल उतरताना धक्क्यावर उभं राहून तो मोजायचा, हे त्याचं काम. स्लिंगमधून पोती खाली आली की कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. मंगल कार्यालयात पंगतीतली पानंसुद्धा तो पाच-पाचने मोजतो. "मोबाइल घेऊन पालवा बंदर शोधायचं? मला विचारायचं की," असं म्हणत तो आला, आणि स्वतःची वॉटरबॅग घेऊन आला.

पालवा बंदर म्हणजे अपोलो बंदर. ग्रीक देवाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मुळातलं आपलं 'पालव' साहेबाच्या जिभेवर वळता वळता 'अपोलो' झालं. गेटवे उभं राहायच्या आधीपासून माणसं उतरायची ती इथेच.

शनिवारी सकाळी सातला आम्ही गेटवेसमोर. बॅगा तपासून आत सोडलं. कबुतरं, फुगेवाले, 'झटपट फोटो' म्हणून मागे लागणारे फोटोग्राफर आणि एलिफंटाच्या लाँचची तिकिटं. पहिला क्लू कमानीच्या माथ्यावर: राजा कोणत्या साली उतरला? वर कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा की, राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ला भारताच्या भूमीवर उतरले, त्याची ही आठवण. पण साल रोमन आकड्यांत आहे! एम, सी, एम, एक्स, आय. इथे किमान दहा वेळा फोटो काढलेत मी, मान वर करून साल वाचण्याची वेळ पहिल्यांदाच आली. मजा म्हणजे राजा उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी ३१ मार्च १९१३ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४चं. मधल्या काळात, ९ जानेवारी १९१५ला, दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी याच बंदरावर उतरले, तेव्हाही कमानीचा पत्ता नव्हता. आणि २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून चालत बोटीत जाऊन बसली. बांधायला अकरा वर्षं, आणि पुढच्या सव्वातेवीस वर्षांत बिऱ्हाड आवरलं.

"पाहुणा जेवून गेल्यावर तोरण बांधल्यासारखं आहे हे," मामा म्हणाला. दादाने १९११ फोनमध्ये भरलं.

दुसरा पॉइंट जवळच निघाला. शहीद भगतसिंग मार्गावर नौदलाच्या गोदीचं लायन गेट. क्लू: सिंह किती? (दोन. हा बोनस मार्क.) फोटोला सक्त मनाई, त्यामुळे फोन खिशात. आतली गोष्ट मात्र बाहेर उभं राहून सांगण्यासारखी आहे. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून इथे आला आणि पुढे त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या याच गोदीत सागवानाची जहाजं बांधली, ती थेट ब्रिटिश नौदलासाठी. १८१३ साली इथे बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे १८४२मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातल्या तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. १८१७ची 'ट्रिंकोमाली' तर आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला, म्युझियम म्हणून. दोनशे वर्षांहून जास्त पाण्यात असलेलं मुंबईचं सागवान! आमच्या सोसायटीच्या दाराची चौकट तीन पावसाळ्यांत फुगते.

इथून पुढे एक गंमत सुरू होते. खरं म्हणजे गंमत नाही. फोनच्या नकाशावर उजव्या हाताला निळा रंग दिसत राहतो. समुद्र दोनशे-तीनशे मीटरवर असतो, पण डोळ्यांना दिसते ती भिंत. आधी नौदलाची, मग बंदराची. वर काटेरी तार. मध्येच एखादं गेट आणि त्यावर 'विनापरवानगी प्रवेश नाही'. मरीन ड्राइव्हच्या बाजूचा समुद्र आपल्या ओळखीचा. ब्रेकअप झालं की तिथे, प्रमोशन झालं की तिथेच. पण ज्या समुद्रामुळे हे शहर शहर झालं तो पूर्वेचा. त्याच्या कडेकडेने आम्ही तासन्‌तास चाललो आणि गेटवे सुटल्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत पाण्याचा एक थेंब दिसला नाही.

"तुम्हाला भिंत बाहेरून दिसते," मामा म्हणाला. "मला ती पस्तीस वर्षं आतून दिसली. आतून जास्त चांगली होती, सावली असायची."

तिसरा थांबा सेंट थॉमस कॅथीड्रल. क्लू १७१८, म्हणजे हे चर्च उपासनेसाठी खुलं झालं ते साल. दादाने हा थांबा का निवडला ते त्याने सांगितलं तेव्हा मी खरंच खूश झाले. ब्रिटिशांच्या काळात मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजायचे. रस्त्याकडेला मैलाचे दगड लावलेले, त्यावर 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल'. म्हणजे आमचं अठरा-बहात्तर येण्यापूर्वी या शहराचा शून्य इथे होता. चर्चगेट स्टेशनचं नावसुद्धा या चर्चकडे उघडणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजामुळे. रोज चर्चगेटला उतरणाऱ्यांनो, ते चर्च हे. गाडलेले काही मैलाचे दगड अलीकडे महापालिकेने खणून काढून पुन्हा नीट बसवले आहेत. एखादा दिसला तर बघा, रोमन आकडे वाचता येतील.

चर्चसमोरच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. कारण समुद्र अगदी मागच्या दारात होता. किल्ला, टाकसाळ आणि टाउन हॉल या रांगेच्या मागे लगेच पाणी. टाउन हॉल म्हणजे ज्याला आपण एशियाटिक म्हणतो ते, १८३३ साली पूर्ण झालेलं. पिक्चरवाल्यांनी त्याला इतक्या वेळा कोर्ट बनवलंय की पायऱ्यांवर उभं राहिलं की आपोआप 'मिलॉर्ड' तोंडात येतं. क्लू: पायऱ्या किती? दादा एकेक पायरी मोजत वर गेला, मध्ये दोन कॉलेजकुमार सेल्फी काढत बसले होते त्यांना वळसा घालताना गोंधळला, पुन्हा खाली आला. मामाने जागचं न हलता सांगितलं, "सहा पंचे तीस." तीसच.

टाउन हॉलच्या मागे नौदलाचं आंग्रे आहे. तेव्हाचे कॅसल बॅरॅक्स. फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावात इथे खलाशांवर गोळीबार झाला आणि त्यांनी आतून उलट उत्तर दिलं. क्लूसाठी योग्य असा आकडा इथे रस्त्यावरून दिसेना, म्हणून दादाने ही जागा यादीतून गाळली होती. इथे मला पहिल्यांदा खटकलं, पण ऊन चढत होतं आणि आम्ही पुढे निघालो.

आणि मग बॅलार्ड इस्टेट. शनिवारी दुपारी तिथे गेलात तर वाटतं, कुणीतरी युरोपातला एखादा चौक उचलून आणला आणि ठेवून विसरून गेलं. एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, रुंद फुटपाथ, झाडं, शांतता. जीपीएसला आकाश मोकळं मिळाल्यामुळे फोनवरचा बाण एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. हा सगळा भाग म्हणजे भराव. १९०८ ते १९१४ या काळात शेजारी अलेक्झांड्रा डॉक खणली, म्हणजे आजची इंदिरा डॉक, आणि तिथली माती इकडे समुद्रात टाकली. बावीस एकर जमीन तयार झाली. तिचा आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवेवाल्याचाच. नाव पोर्ट ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कर्नल बॅलार्डचं. खड्डा खणला ती गोदी, आणि खड्ड्यातली माती म्हणजे ऑफिसं. यापेक्षा किफायतशीर टाउन प्लॅनिंग मी ऐकलेलं नाही.

जेवायला अर्थातच ब्रिटानिया. १९२३पासूनचं इराणी. आलेल्या-गेलेल्यांशी ब्रिटनच्या राणीबद्दल भरभरून बोलणारे मालक बोमन कोहिनूर २०१९ साली गेले, पण बेरी पुलाव तसाच आहे. वर आंबटगोड बेरी, खाली मसाल्यात मुरलेलं मटण, आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. मामाने मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचली आणि म्हणाला, "इतकी वर्षं इथून चालत गेलो. आत आजच आलो." मग पुलाव आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

जेवून बाहेर आलो तर पुढचा क्लू होता इथल्याच स्मृतिस्तंभाचा. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या पोर्ट ट्रस्टच्या कर्मचाऱ्यांसाठी तो उभारलाय. दादाने १९१४ भरलं आणि फोन पुढे ओढायला लागला. मामा मात्र स्तंभाजवळ थांबला.

"लढाईत गेलात तर दगडावर," तो म्हणाला. "हॅचमध्ये पोतं अंगावर पडून गेलात तर हजेरीपटावर एक रेघ."

हे तो काही रागाने बोलला नाही. पण मला सकाळपासून काय खटकत होतं ते आता नीट कळलं. दादाचा सगळा शोध कोरलेल्या आकड्यांवर चालला होता. खेळच तसा आहे. दगडावर काहीतरी असलं तरच त्याचा क्लू होतो. आणि या किनाऱ्यावर दगडावर आहेत राजे, गव्हर्नर, कर्नल, बिशप. ज्यांनी ती माती खणली आणि डोक्यावरून वाहून टाकली, त्यांचा एकही आकडा वाचायला मिळत नाही. बंदरावर ज्यांचं आयुष्य मोजमाप करण्यात गेलं, त्यांनाच कुणी मोजून ठेवलेलं नाही!

बॅलार्ड इस्टेटवरून उत्तरेला जाणारा मोठा रस्ता म्हणजे पी. डिमेलो रोड, जुना फ्रियर रोड. त्यातल्या त्यात हे एक नाव आमच्या बाजूचं. प्लॅसिड डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी होते. (नाव आहे, पण आकडा नाही, असं दादा पुटपुटला.) उजव्या हाताला पुन्हा भिंत आणि तिच्यात रंगांच्या नावांची गेटं. ग्रीन, यलो, ऑरेंज. मामाची नोकरी कुठल्या साली कुठे होती ते तो रंगांवरूनच सांगतो. १९८९ला पलीकडे न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर आले, आणि पोती मोजणाऱ्यांचं काम हळूहळू संपत गेलं. कंटेनरला सील असतं, बाहेर एक नंबर असतो. आत काय आहे ते क्लार्कने मोजायचंच नसतं. "नंतरची दहा वर्षं मी नंबर उतरवून घेत होतो. मोजणं वेगळं, उतरवणं वेगळं," मामा म्हणाला.

एका गेटसमोर तो रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. आत जायचा पास आता त्याच्याकडे नाही, त्यामुळे त्याने विचारलंही नाही. आत बोट दाखवून म्हणाला, "तिकडे पुढे व्हिक्टोरिया डॉक. अण्णा तिथे होते."

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. रत्नागिरीकडून १९४१ला आगबोटीने मुंबईत आले, ते भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गोदीत हमालीला लागले. घरात आम्ही सगळे मोठ्याने बोलतो. नवीन जावई पहिल्यांदा घरी आले की त्यांना भांडण चाललंय असं वाटतं. ते अण्णांमुळे. त्यांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. एवढी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जागा मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

१४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभी. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्यासोबत कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी आणि इंग्लंडहून पाठवलेलं सोनं. दुपारी कापसाने पेट घेतला. अण्णांना टोळीवाल्याने चहा आणायला पिटाळलं होतं, म्हणून चार वाजता ते गेटच्या बाहेर, या रस्त्याच्या बाजूला होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला आत गेलेले अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यामुळे. अण्णांच्या टोळीतले किती परतले, ते अण्णांनी कधी सांगितलं नाही. पुढचे सहा-सात महिने गोदीतला राडारोडा उपसायचं काम चाललं होतं, त्यातही ते होते.

"आणि सोनं?" दादाचा प्रश्न. शेवटी खजिना शोधणाराच तो!

सोन्याच्या विटा स्फोटाने शहरभर उडाल्या होत्या. काही घरांवर येऊन पडल्या. गाळ काढताना १९७०च्या दशकापर्यंत एखादी सापडायची. "अण्णांना आम्हीही विचारायचो," मामा म्हणाला. "म्हणायचे, मिळाली असती तर तुम्हाला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं असतं का?"

उरलेलं अंतर आम्ही टॅक्सीने गेलो. दुपारचे साडेतीन. भाऊच्या धक्क्यावर सकाळचा लिलाव कधीच आटोपलेला, पण बर्फाचं पाणी, जाळी, डिझेल आणि मासळी यांचा एकत्र वास तसाच. मोरा आणि रेवसच्या लाँच, शेजारी मांडव्याला जाणारी रो-रो. ती २०२०मध्ये सुरू झाली, अलिबागला वीकएण्ड काढणाऱ्यांच्या गाड्या घेऊन जाते. हा धक्का मूळचा एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला, म्हणून भाऊचा. आताचा धक्का नंतरचा, आणि कागदोपत्री नावही वेगळं आहे. पण कोकणातल्या माणसांनी भाऊंना सोडलं नाही. राजांसाठी पालवा बंदर होतं, आमचं गेटवे हे. कोकणातून निम्मी गिरणगाव भरली ती इथून. आणि १७ जुलै १९४७ला, अमावस्येच्या दिवशी, इथूनच सुटलेली 'रामदास' रेवसला पोचायच्या आधी उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आमची आजी त्यानंतर आगबोटीत चढली नाही. एसटी सुरू होईपर्यंत तिने गावाचं नाव काढलं नाही.

शेवटचा क्लू. दादाने फोन मामाच्या हातात दिला. स्क्रीनवर अक्षांश पूर्ण होते. पूर्व रेखांशाच्या मिनिटांपुढे मात्र तीन रिकाम्या चौकटी.

"इथे भरायला मला आकडाच सापडला नाही," दादा म्हणाला. "सिएटलमध्ये बसून सगळे फोटो चाळले. धक्क्यावर आपल्या उपयोगाचं काही कोरलेलं दिसत नाही. म्हणून म्हटलं, मामाला विचारू. अण्णांचा बिल्ला नंबर काय होता?"

मामा पटकन म्हणाला, "एकशे सत्तेचाळीस." मग म्हणाला, "थांब." मग आईला फोन लावला. आईने सांगितलं, नंबर तिला आठवत नाही, पण पितळेचा बिल्ला जुन्या भांड्यांबरोबर मोडीत गेला आणि तो मामीनेच दिला. यावर मामा आणि आई यांच्यात जे बोलणं झालं, ते धक्क्यावरच्या तीन कोळणींनी हातातली कामं थांबवून ऐकलं. मग दादाने मावशीला पुण्याला फोन लावला. मावशी सगळ्यात थोरली, अण्णांचा डबा गेटपर्यंत तीच पोचवायची. ती एका क्षणात म्हणाली, "चारशे सतरा. डबा देताना गेटवर नंबर सांगावा लागायचा, मी कशी विसरेन?"

१४७ आणि ४१७. दोन्हीत आकडे तेच, जागा वेगळ्या. दादाने दोन्ही भरून बघितले. मामाचा आकडा आम्हाला धक्क्याच्या गेटाबाहेर, ट्रक उभे असतात तिथे नेत होता. मावशीचा तिथून सरळ पूर्वेला, जवळजवळ अर्धा किलोमीटर आत, पाण्यात.

आम्ही आधी मामाच्या जागेवर गेलो. एक ट्रक, दोन रिकामे क्रेट आणि झोपलेलं कुत्रं. फोन म्हणाला, पोचलात. दादाने कुत्र्यासकट फोटो काढला.

मग तिघंही धक्क्याच्या टोकाला येऊन उभे राहिलो. दिवसभरात पहिल्यांदा समोर पाणी होतं, मातकट, चमकणारं, पलीकडे उरणच्या बाजूचे डोंगर. फोनवरचा बाण सरळ तिकडे. दादाने दोन्ही जागा सेव्ह केल्या, एकीला नाव दिलं 'मामा', दुसरीला 'मावशी'.

"थोरलीचं बहुतेक बरोबर असणार," मामा बऱ्याच वेळाने म्हणाला. "तिचं पाठांतर चांगलं होतं." मग शेजारी जाळं विणत बसलेल्या माणसाकडे वळून त्याने विचारलं, "काय हो, ओहोटीला तिथे पाणी किती असतं?"